२०५० मध्ये सगळ्यांना पुरेल का? ताटापासून शेतापर्यंतचा हिशोब

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. २०५० पर्यंत जगाची लोकसंख्या ९७० कोटींच्या घरात जाईल आणि त्यासाठी अन्नोत्पादन ७० टक्क्यांनी वाढवावं लागेल असं तुम्ही वाचलंत. जमीन-पाण्याची वाट न लावता हे जमेल का? सगळी शेती सेंद्रिय केली तर भागेल का? लोकांनी मांस सोडावं का? आणि अन्न व पोषणावर काम करू पाहणाऱ्या तुमच्यासारख्या छोट्या गटाने सुरुवात कुठून करावी?

आधी त्या ७० टक्क्यांचं बघू. हा आकडा एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, २००९ साली मांडला आणि २०१२ मध्ये स्वतःच ६० टक्क्यांवर आणला. लोकांचं उत्पन्न वाढत जाईल आणि खाण्याच्या सवयी आजच्याच दिशेने बदलत राहतील असं धरलं तर मागणी किती वाढेल, त्याचा तो अंदाज होता. ‘एवढं पिकवलं नाही तर लोक उपाशी मरतील’ असं त्यात कुठेही नव्हतं. त्या मागणीत कोंबड्यांना घातलेला मका आहे, गाड्यांच्या टाकीत गेलेलं इथेनॉल आहे आणि कचऱ्यात गेलेलं अन्नही आहे. अंदाजाचं उद्दिष्ट कधी झालं ते कुणाला कळलंच नाही, आणि तिथेच चर्चा भरकटते.

आज जगात वर्षाला साधारण २८० कोटी टन तृणधान्य पिकतं. सगळ्यांत सारखं वाटलं तर माणशी दिवसाला ९०० ग्रॅमहून जास्त येतं. नुसत्या धान्यातूनच ३,००० कॅलरी. तरीही २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते, सुमारे २६० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता आणि लठ्ठपणा असलेल्यांची संख्या तर २०२२ मध्येच १०० कोटींच्या पुढे गेली होती. त्यामुळे ‘अन्न कमी पडतंय’ हे निदान अपुरं आहे. धान्य कमी नाही. कमी आहेत त्या डाळी, भाज्या, फळं. आणि जे आहे ते वाटेत गळतं, नाही तर ज्याला हवं त्याच्या खिशाला झेपत नाही.

म्हणून आमच्या कामात हिशोब उलटा धरतात: ताट आधी, शेत नंतर. तुम्हीही एकदा कागदावर करून बघा. संदर्भासाठी २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट आयोगाने, म्हणजे आहार आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाने, सुचवलेलं प्रौढ व्यक्तीचं दिवसाचं ताट घ्या. तृणधान्यं २३२ ग्रॅम, डाळी-कडधान्यं (सोयाबीन धरून) ७५, भाज्या ३००, फळं २००, शेंगदाणे व इतर कवचफळं ५०, तेल ४० ग्रॅमच्या आसपास, दूध व दुधाचे पदार्थ २५० आणि मांस, मासे, अंडी थोडी थोडी. एकूण सुमारे २,५०० कॅलरी. हे ताट काळ्या दगडावरची रेघ नाही. वय, श्रम, गर्भारपण यांनुसार ते बदलतं, आणि गरीब घरांना ते महाग पडतं ही त्याच्यावरची टीका रास्त आहे. पण हिशोबाला पाया म्हणून चालतं.

आता एक लाख माणसं धरा. तृणधान्य वर्षाला ८,५०० टन लागेल. साठवण, दळण आणि घरातली नासाडी मिळून २० टक्के धरली तर १०,६०० टन पिकवायला हवं. हेक्टरी ४ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या आसपास, उत्पादन धरलं तर २,६५० हेक्टर. डाळी २,७४० टन; १५ टक्के घट धरून ३,२२० टन, आणि हेक्टरी एक टनाने ३,२२० हेक्टर. भाज्यांना ३५ टक्के नासाडी धरूनही हेक्टरी २० टनांनी ८४० हेक्टर पुरतात. फळांना हेक्टरी १२ टनांनी ९४०. शेंगदाणे व तत्सम १,७००. तेल सगळं सोयाबीनचं धरलं, हेक्टरी अर्धा टन, तर २,९००. बटाटा, साखर वगैरे किरकोळ मिळून तीनशेक. बेरीज साधारण १२,५०० हेक्टर.

जगातली लागवडीखालची जमीन सुमारे १५७ कोटी हेक्टर. आजच्या लोकसंख्येला भागलं तर लाख माणसांमागे १९,००० हेक्टर येतात, ९७० कोटींना भागलं तर १६,०००. म्हणजे २०५० मध्येही हे ताट बसतं, पण अंगाला घट्ट. उरलेल्या साडेतीन हजार हेक्टरांत पशुखाद्य, कापूस, बियाणं, इंधनपिकं हे सगळं कोंबावं लागणार. (सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेली पेंड पशुखाद्यातच जाते, तेवढा दिलासा.) जंगल तोडून नवी जमीन काढण्याची गरज या हिशोबातून निघत नाही. मात्र आहे त्या जमिनीवर काय लावायचं, हे मोठ्या प्रमाणात बदलावं लागेल असं नक्की निघतं.

या बेरजेत एक गोष्ट बहुतेकांना खटकते: डाळींना धान्यापेक्षा जास्त जमीन लागते! ‘डाळी खा, पृथ्वी वाचवा’ असं सांगणारे हे सहसा सांगत नाहीत. डाळींमुळे नत्रखत वाचतं, हरितगृह वायू कमी होतात, हे सगळं खरं. पण हेक्टरी एक टनावर अडकलेलं पीक जमीन खातं. हेच उत्पादन दीड टनावर गेलं तर वरच्या हिशोबात हजारभर हेक्टर मोकळे होतात. गव्हाचं उत्पादन आणखी दहा टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा हे काम मला जास्त निकडीचं वाटतं.

ते का अडकलंय? डाळी बहुतेक ठिकाणी हलक्या, कोरडवाहू जमिनीत ढकलल्या जातात, संशोधनाचा पैसा मक्या-गव्हाकडे जातो आणि साध्या गोष्टी राहून जातात. पहिली म्हणजे रायझोबियमची बीजप्रक्रिया. रायझोबियम म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधणारे जिवाणू. दहा किलो बियाण्याला साधारण २५० ग्रॅम जिवाणू संवर्धक, साखरेच्या थोड्या पाण्यात कालवून, बियांवर पातळ थर बसेल असं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी. फसतं कुठे? पाकीट उन्हात राहिलेलं असतं, किंवा दुसऱ्याच पिकाचं संवर्धक वापरलं जातं. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्यावर गाठी धरत नाहीत. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी चार-पाच रोपं खुरप्याने मातीसकट काढा (उपटलीत तर गाठी मातीतच राहतात), मुळं धुवा आणि गाठी कापून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधलं जातंय. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती शोभेची. जमिनीत नत्र आधीच भरपूर असलं तरी पीक गाठी धरायचा आळस करतं, म्हणून पेरताना हेक्टरी २० किलोपेक्षा जास्त नत्र देऊ नये. स्फुरद (फॉस्फरस) मात्र कमी पडू देऊ नये. आणि एकच पाणी देता येत असेल तर ते फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळात द्या.

डाळ ताटात आल्यावरही काम संपत नाही. तृणधान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी; हे दोन्ही प्रथिनांचे आवश्यक घटक. दोन्ही एकत्र खाल्ल्यावर प्रथिनं पूर्ण होतात. पण दोन्हींत फायटेट असतं आणि ते लोह व जस्त धरून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट घटतं. जेवणात क जीवनसत्त्व असलं तर लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर कमी. त्यामुळे ‘अमुक ग्रॅम लोह पुरवलं’ असं कागदावर लिहून पोषण होत नाही. आयोडीनचं गणित सोपं आहे, मीठ हाच मार्ग, आणि घरात पोचलेल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं.

मांसाबद्दल. जगातल्या पिकांतून मिळणाऱ्या कॅलरींपैकी सुमारे ५५ टक्के थेट माणसाच्या पोटात जातात, ३६ टक्के पशुखाद्यात आणि उरलेल्या इंधनात व उद्योगात. हा २०१३ च्या एका बहुचर्चित अभ्यासाचा निष्कर्ष. पशुखाद्यात गेलेल्यांपैकी दूध, अंडी, मांस यांच्या रूपाने परत येतात त्या फक्त १२ टक्के. कोंबडीचं एक किलो वजन वाढायला दीड-दोन किलो खाद्य पुरतं, डुकराला तीनेक किलो, धान्यावर पोसलेल्या गोमांसाच्या जनावराला सहा ते दहा. हे ऐकून ‘सगळ्यांनी मांस सोडा’ म्हणणं सोपं आहे, पण दुसरी बाजूही तितकीच खरी. शेतीखालच्या एकूण जमिनीपैकी दोन तृतीयांश कुरण आहे आणि त्यातल्या बऱ्याच भागात पीक येऊच शकत नाही. जनावरं जे खातात त्यातला सुमारे ८६ टक्के भाग, म्हणजे गवत, कडबा, भुसा, पेंड, माणसाच्या खाण्यासारखा नसतो. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य पदार्थांतून भरवशाने मिळतं.

तेव्हा उत्तर खाणारा कोण यावर अवलंबून आहे. रोज दोन-तीनशे ग्रॅम मांस खाणाऱ्याने ते निम्म्याहून खाली आणलं तर जमीन, पाणी आणि त्याची स्वतःची तब्येत तिघांचाही फायदा. पण दीड वर्षाच्या ज्या बाळाला दूध नाही, अंडं नाही, मासा नाही, त्याच्या ताटात ते वाढवायलाच हवं. ईट-लॅन्सेटच्या ताटात लाल मांस दिवसाला १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला शंभरेक ग्रॅम आहे, शून्य नाही. काही जण अजिबात न खाता नीट जगतात, पण त्यांना ब-१२ ची सोय वेगळी करावी लागते. मला विचाराल तर भांडण कुरणावरच्या गायीशी नाही, माणसाला खाता येईल असं धान्य कोंबून वाढवलेल्या जनावराशी आहे.

तेलाबद्दल थोडं. पाम तेल बंद करा अशी मागणी अधूनमधून होते. पाम हेक्टरी तीन टनांहून जास्त तेल देतं आणि सोयाबीन अर्धा टन. पाम काढून सोयाबीन लावलं तर तेवढ्याच तेलाला सहापट जमीन लागेल. प्रश्न झाडाचा नाही. जंगल तोडून आणि दलदलीच्या पीट (अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या) जमिनी सुकवून ते लावलं जातं, त्याचा आहे.

इथवरचा हिशोब थोडक्यात: जमीन पुरते, डाळींचं उत्पादन वाढवणं आणि जास्त खाणाऱ्यांचं धान्यपोशी मांस कमी करणं यांनी ती सैल पडते. आता गळती, नत्र आणि पाणी.

काढणीनंतर दुकानात पोचेपर्यंत सुमारे १३ टक्के अन्न वाया जातं. पुढे दुकानं, खाणावळी आणि घरं मिळून २०२२ मध्ये १०५ कोटी टन, म्हणजे ग्राहकांसाठी उपलब्ध अन्नाच्या १९ टक्के, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. या दोन गळत्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. गरीब भागात ती शेत-गोदामात असते, श्रीमंत भागात फ्रिजमध्ये, हे अर्धसत्य आहे. घरातली नासाडी गरीब-श्रीमंत सगळ्याच देशांत मोठी निघाली आहे.

धान्याच्या साठवणीत सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वाळवणं आणि हवाबंद पिशवी. मका-गव्हासारख्या धान्याचा ओलावा १३ टक्क्यांच्या खाली हवा, शेंगदाण्यासारख्या तेलबियांचा ७-८ टक्के. ओलावामापक नसेल तर मिठाची चाचणी करा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य, चमचाभर कोरडं मीठ, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. अजून ऊन द्या. नाही चिकटलं तरी ते १३ च्या खाली आहे असं नव्हे, म्हणून आणखी एक दिवस वाळवलेलं बरं. वाळलेलं धान्य गार होऊ द्या. गरम भरलं की रात्री आत दव धरतं आणि वरचा थर बुरसटतो. ही हवाबंद पिशवी तिहेरी असते; तिच्या आतल्या दोन्ही प्लास्टिकच्या पिशव्या आधी हवा भरून दाबून बघा, छिद्र असेल तर फुसफुसतं. धान्य ठासून भरा, हवा काढा, प्रत्येक पिशवीचं तोंड वेगळं पिळून, दुमडून बांधा आणि पिशवी जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवा. आतले सोंडे (धान्यातले किडे) उरलेला ऑक्सिजन संपवतात, खाणं थांबवतात आणि मरतात. औषध लागत नाही. निदान महिनाभर उघडू नका. हे बिघडतं ते दोन कारणांनी: उंदराने कुरतडलेली पिशवी, आणि रोजच्या वापरासाठी सतत उघडली जाणारी पिशवी. रोजचं धान्य वेगळं काढून ठेवावं. आणि एक लक्षात असू द्या, ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आधीच तयार झालं असेल तर हवाबंद पिशवी ते काढून टाकत नाही आणि शिजवूनही ते जात नाही. त्याचा बंदोबस्त काढणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांच्या वाळवणीतच होतो.

भाज्या-फळांचं गणित तापमानाचं आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की मालाचं श्वसन दुपटी-तिपटीने वाढतं, म्हणजे टिकण्याचा काळ तेवढा घटतो. सकाळी लवकर तोडणी, लगेच सावली, गोणीऐवजी हवेशीर क्रेट, आणि क्रेट काठोकाठ न भरणं. नाही तर वरच्या क्रेटचं वजन मालावर येतं. एवढ्यानेच नुकसान बरंच खाली येतं आणि वीजही लागत नाही. शीतगृह बांधणारे एक चूक हमखास करतात. गार माल गार ठेवण्याच्या क्षमतेची खोली घेतात आणि तिच्यात शेतातून आलेला गरम माल कोंबतात. मग दोन दिवस सगळाच माल कोमट राहतो. शेताची उष्णता काढायला वेगळी, जास्त क्षमतेची व्यवस्था लागते. पालेभाज्या शून्य ते दोन अंशांवर चांगल्या राहतात, पण केळी १३ अंशांखाली काळी पडतात आणि टोमॅटो दहाच्या खाली चव गमावतो. पिकणाऱ्या फळांमधून इथिलीन वायू बाहेर पडतो, त्याने शेजारचा पाला पिवळा पडतो. सगळं एकाच खोलीत ठेवण्याची काटकसर महाग पडते.

सेंद्रियचा प्रश्न मुळात नत्राचा आहे. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या नत्रावर पिकलेल्या अन्नावर जगतात. हे वाक्य पटलं नाही तर बेरीज करा. गव्हाचं एक टन दाणे देणारं पीक साधारण २५ किलो नत्र उचलतं. चार टनांना १०० किलो. ओल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे १०० किलोसाठी २० टन खत. त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला तिसरा हिस्साच मिळतो. एवढं शेणखत येणार कुठून? बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीतून, चाऱ्याच्या रूपाने. एखाद्या शेताला हे जमतं, सगळ्या जगाला एकाच वेळी जमत नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागे घ्यावा लागला, तरी भाताचं उत्पादन कोसळलंच. दोष सेंद्रिय पद्धतीचा म्हणण्यापेक्षा नत्राचा पुरवठा एकदम तोडण्याचा होता.

याचा अर्थ आहे तसं चालू द्या असाही नाही. शेतात टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी पिकात जातं. बाकी विहिरीत नायट्रेट म्हणून, नदीत शेवाळ म्हणून, हवेत नायट्रस ऑक्साइड म्हणून. आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. त्यामुळे जिथे युरिया ओतला जातो तिथे तो कमी करायचा, आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेसारख्या भागात, जिथे हेक्टरी सरासरी विसेक किलोच खत पडतं, तिथे वाढवायचं. एकच सल्ला दोन्हीकडे दिला तर एकीकडे नदी मरते, दुसरीकडे माती.

कमी करायचं म्हणजे नेमकं काय? सगळं नत्र पेरणीला देऊ नका. त्या वेळी रोपाला मुळंच नसतात. तिसरा हिस्सा सुरुवातीला, बाकीचं फुटवे फुटताना आणि लोंबी धरण्याच्या सुमारास. युरिया कोरड्या, तापलेल्या जमिनीवर उघडा टाकला की अमोनिया होऊन उडतो. तो मातीआड करा किंवा लगेच हलकं पाणी द्या. साचलेल्या पाण्यात फेकला तरी वायाच जातो. भातात त्याच्या गोळ्या ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचल्या तर बऱ्याच कमी मात्रेत भागतं, मजुरी मात्र वाढते. आणि फेरपालटीत कडधान्य आणलं तर पुढच्या पिकाच्या मात्रेतून काही किलो खुशाल वजा करा. किती, ते कडधान्याने किती गाठी धरल्या आणि पाला शेतात राहिला की नाही यावर ठरतं. कंपोस्ट-शेणखत मिळेल तेवढं घालाच. त्याचं खरं काम नत्र पुरवण्यापेक्षा मातीची पाणी धरण्याची ताकद वाढवणं हे आहे.

माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीत जातं, आणि भाताइतकं पाणी फार थोड्या पिकांना मिळतं. सतत भरलेल्या खाचरात मिथेनही तयार होतो. इथे आलटून-पालटून भिजवण-सुकवण ही पद्धत चालते. ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या, खालच्या २० सेंटिमीटरला भोकं पाडा, तेवढी जमिनीत रोवा आणि आतली माती काढा. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरू करायचं. तण जास्त असेल तर आणखी थांबा. नळीतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेलं की खाचर ५ सेंटिमीटर भरायचं, पुन्हा उतरू द्यायचं. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा ते नंतर एक आठवडा मात्र पाणी उतरू द्यायचं नाही, नाही तर पळींज, म्हणजे पोकळ दाणे, वाढते. पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं आणि मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. फसण्याची कारणं दोन: शेत सपाट नसणं, आणि नळी बांधाजवळ किंवा खळग्यात रोवणं. एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागतं. सुकवण्याच्या काळात नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, म्हणून नत्राची मात्रा नेमकी हवी. पाण्याची पट्टी क्षेत्रावर आकारली जात असेल तर शेतकऱ्याला यातून काहीच मिळत नाही आणि तो करत नाही, हेही समजून घ्या.

उभी शेती, प्रयोगशाळेतलं मांस, कीटकांचं पीठ यांवर फार वेळ घालवू नका. इमारतीत पालेभाजी पिकते. धान्य पिकवायला दिव्यांची वीज परवडत नाही. जनुकीय बदल हे एक साधन आहे. कुठलं पीक, कुठला गुण, बियाण्यावर हक्क कुणाचा, हे बघून ठरवावं. सरसकट हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही.

आता तुमचा गट. पिकवण्यापासून सुरू करू नका, मोजण्यापासून करा. बायांच्या आहारातलं वैविध्य मोजण्याची एक साधी, जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. १५ ते ४९ वयाच्या बाईला कालच्या सकाळपासून आजच्या सकाळपर्यंत काय काय खाल्लं ते क्रमाने विचारायचं. मग दहा गटांत मांडायचं: धान्य व कंद, डाळी, दाणे व कवचफळं, दूध, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व असलेल्या पिवळ्या-नारिंगी भाज्या-फळं, इतर भाज्या, इतर फळं. पाच किंवा जास्त गट असतील तर सूक्ष्म पोषकद्रव्यं पुरेशी मिळण्याची शक्यता बरी. एखाद्या बाईवरून निष्कर्ष काढू नका, वस्तीचं चित्र बघा. १५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे मोठ्या चमचाभराहूनही कमी खाल्लं असेल, तर ते मोजायचं नाही. फोडणीतली चार पानं पालेभाजीत धरली की आकडे फुगतात. घरातल्या पुरुषाला विचारू नका, तिलाच विचारा, आणि ‘दूध घेता ना?’ असं सुचवून विचारू नका. सणाच्या किंवा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नको.

मग वस्तीत सर्वांत रिकामा दिसणारा गट घ्या आणि तो का रिकामा आहे ते शोधा. पिकत नाही, पिकतो पण टिकत नाही, बाजारात आहे पण परवडत नाही, की घरात आहे पण तिच्या ताटात पोचत नाही? या चार उत्तरांना चार वेगळे उपाय आहेत. पिकत नसेल तर बियाणं आणि डाळीची बीजप्रक्रिया, टिकत नसेल तर क्रेट आणि वाळवणी. परवडत नसेल तर शाळेच्या जेवणासारखी ठरलेली खरेदी. जगात ४० कोटींहून जास्त मुलं शाळेत जेवतात, आणि त्या खरेदीत डाळ-भाजी आली तर ती पिकवणाऱ्यालाही हमी मिळते. चौथं उत्तर आलं तर शेतीतलं काही करून उपयोग नाही; तिथे घरातल्या माणसांशी बोलावं लागतं. हीच पाहणी सुगीनंतर एकदा आणि पुढच्या सुगीच्या आधीच्या टंचाईच्या महिन्यांत एकदा, अशी दोनदा करा. एकाच हंगामातले आकडे घेऊन आखलेली योजना दुसऱ्या हंगामात चुकीच्या गटावर पैसे घालते.